सिंदबादची मराठी कादंबरी हवी

परीकथेवरून लिहिलेली कादंबरी म्हटली की तुम्हाला बर्फ आणि किल्लाच आठवतो ना? मला हे पटत नाही. तुम्ही कुवेतमध्ये राहता. सिंदबाद ज्या बसऱ्याहून निघायचा, ते बंदर तुमच्या शेजारीच आहे! कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 19व्या शतकात या अरबी गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या. भाषा जुनी आहे, जरा अवघड जाईल, खरं सांगते.

कुवेतची लाकडी गलबतं खजूर घेऊन मुंबईला जायची, येताना सागवान आणायची. 1961 पर्यंत इथे रुपया चालायचा. अशा गलबतावर एक मराठी मुलगी चढली तर? ही कादंबरी मला वाचायचीय. तोवर तुम्हीच आजीला फोनवर ती सांगा, शहरजादसारखी, रोज अर्धीच. दुसऱ्या दिवशी फोन कोण करतं, बघा!