रम, बीडी आणि ‘वय झालं’

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही कॅन्टीनसमोरची रांग बघा, जोधपूरची असो की बेळगावची. निम्मे पेन्शनर. मिशा अजून ताठ, पण चार पायऱ्या चढल्या की हात कठड्यावर. विचारलं तर एकच उत्तर, "काही नाही रे, वय झालं."

मला हे उत्तर मान्य नाही. वयाने फुप्फुसं मंदावतात हे खरं. जोराने फुंकून पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकता येते, ती तिशीनंतर निरोगी माणसातही दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. पण एवढ्याने पासष्टीत कोणी कठडा धरत नाही. बीडी-सिगारेट ओढणाऱ्या बऱ्याच जणांत हीच घट दुप्पट होते. आपल्या लोकांची गोम अशी, की भरतीलाच छाती मजबूत, वर वर्षानुवर्षं पीटी आणि दौड. शिल्लक एवढी मोठी की खर्च कळतच नाही. शिपाई चाळिशीच्या आसपास पेन्शनवर येतो, दौड सुटते, बीडी सुटत नाही. दम लागायला लागतो तोवर बरीच शिल्लक उडालेली असते.

सध्या मी लडाखमध्ये आहे. लेहच साडेतीन हजार मीटरवर, आमची पोस्ट त्याहून वर. इथे रम इश्यू होते, आणि "रमने छाती गरम राहते" ही समजूत तिच्यासोबत फुकट मिळते. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते. खरं तर अंगातली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. त्यात रॉकेलच्या बुखारीची काजळी, सकाळी थुंकी काळी. हा धूर नोकरीचा आहे, टळत नाही. म्हणूनच त्यावर विकतचा धूर चढवू नये, असं माझं मत.

दारूचा हिशेब लोक लिव्हरच्या खात्यात मांडतात. फुप्फुसाचं खातं कोणी उघडत नाही. श्वासनलिकेत केसांसारखे बारीक तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. मग भिस्त उरते खोकल्यावर. रात्री दोन-तीन पेग झाले की खोकलाही सुस्तावतो आणि लाळ किंवा पोटातून उलटून आलेलं अन्न छातीत उतरतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही दारूने ढिल्या पडतात. म्हणजे एक संत्री धुराने पाडला, दुसरा रमने झोपवला. तिशीतला जवान यातून निभावतो. सत्तरीत निमोनिया होतो, आणि त्या वयातला निमोनिया जीव घेऊ शकतो.

"आता सोडून काय उपयोग?" हे मी फार ऐकतो. गेलेली ताकद परत येत नाही, तिथे खोटा धीर देणार नाही. पण बीडी बंद केली की घट पुष्कळ मंदावते, अगदी साठीतसुद्धा. सत्तरीत स्वतःच्या पायाने शेतावर जाणं आणि ऑक्सिजनच्या नळीला बांधून बसणं, यातला फरक तिथेच पडतो. आणि रमला हात न लावता नुसती बीडी सोडू म्हणणाऱ्यांचं अवघड असतं. एका हातात ग्लास आला की दुसरा खिशात जातोच.

ईसीएचएस २००३ पासून आहे. कार्ड बहुतेकांकडे आहे, पण वापर बीपी-शुगरच्या गोळ्यांपुरता. पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. नळीत जोराने फुंकायचं, बस. एक्स-रे साफ आला म्हणून सुटलो समजू नका. सुरुवातीचा सीओपीडी त्यात अनेकदा दिसतच नाही. पंप लिहून दिला तर घ्या. "पंपाची सवय लागते" म्हणून नको म्हणणारे सुभेदारसाहेब मी पाहिलेत, खिशात चाळीस वर्षांची बीडी ठेवून! डॉक्टरांना "कधीतरी एखादी" असं सांगू नका. रोज किती, किती वर्षं, कोट्याची बाटली किती दिवसांत संपते, आकडे सांगा. तंबाखू सोडायला सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-११२-३५६. तुम्हाला संकोच वाटत असेल तर वहिनींना लावू द्या.