वुजू करताना पाय पाहा

आमच्या सडक अर्जुनीकडे रोवणीच्या दिवसांत बाया-माणसे दिवसभर धानाच्या बांधीत अनवाणी उभी असतात. काटा रुतला की माणूस थांबतो, काटा काढतो. पण शुगरचा जुना आजार असेल तर काटा रुतल्याचेच कळत नाही. पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. जखम दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते आणि पुढे बोट कापण्याची पाळी येते. दुखत नाही, हीच इथे धोक्याची खूण.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमातून डॉक्टर व परिचारिकांना पायांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. पायाची जाण १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्यानेही तपासता येते. वर्षातून एकदा ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

आपल्याला तर पाय पाहण्याची संधी दिवसातून पाच वेळा मिळते. वुजूत बोटांमध्ये खिलाल करतानाच भेगा, फोड, लाली पाहावी. नंतर बोटांमधली जागा कोरडी पुसावी. तळवा दिसत नसेल तर घरातल्या मुलांनी पाहावा. जखमेवर पट्टी असेल तर ती भिजवू नका; पट्टीवरून मसह करण्याची सवलत आहे. शेकोटीवर पाय शेकणे, ब्लेडने घट्टे कापणे टाळा. चप्पल झटकून घाला. आणि फोड दिसला तर आठवडी बाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.