छायाचित्रात नसलेला माणूस

कामानिमित्त गावोगाव फिरणाऱ्या छायाचित्रकाराची एक व्यथा सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. इतरांच्या लग्नमुंजींचे, सत्कारसमारंभांचे क्षण तो जपतो. घरच्या सहलीतही कॅमेरा त्याच्याच हाती असतो. परिणामी कुटुंबाच्या संग्रहात सगळे असतात, नसतो तो एकटाच.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांच्या बाबतीत तर सुरुवातीला नावही झाकले गेले. त्यांची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. पुढे दिल्लीत सायकलवरून जड उपकरणे वाहत त्यांनी स्वातंत्र्याचा काळ टिपला. पतिनिधनानंतर १९७० मध्ये त्यांनी व्यवसायाचा कॅमेरा खाली ठेवला आणि मुलासोबत आधी पिलानी, मग बडोदा येथे वास्तव्य केले. पद्मविभूषण मिळाले ते २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी.

राष्ट्राकडून दखल घेण्यास विलंब होऊ शकतो. घराने मात्र तो करू नये. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असला, तरी घरोघरी छायाचित्रे काढणारी व्यक्ती बहुधा एकच असते. पुढच्या प्रवासात गाडी सुटण्यापूर्वी तिच्या हातातील कॅमेरा कुणीतरी आपणहून मागून घ्यावा आणि तिला आईशेजारी बसवावे. ते छायाचित्र किंचित हलले, तरी चालेल. उद्या मुले संग्रह उघडतील, तेव्हा नेमके तेच शोधतील.