विश्लेषण : ई-२० पेट्रोल गाडीला ‘कळते’ कसे? मग मायलेज का घटते?

देशभरातील पंपांवर आता प्रामुख्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळते. हे लक्ष्य आधी २०३० सालचे होते. ते २०२५ वर आणले गेले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मग जुनी गाडी हे इंधन कसे पचवते?

इंधनाचे माप कोण ठरवते?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू हा छोटा संगणक करतो. इंजिनात किती हवा शिरली, ती किती गरम आहे, इंजिन किती वेगाने फिरते, अॅक्सिलरेटर किती दाबला आहे, कूलंटचे तापमान किती, ही माहिती वेगवेगळे सेन्सर त्याला सतत देतात. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे ठरते.

इथेनॉल ओळखणारा सेन्सर असतो का?

साध्या गाड्यांत नसतो. तिथे सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर कामी येतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. ई-२० साठी हा आकडा साधारण साडेतेरा आहे. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवे. ते कमी पडले की धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर तसे कळवतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडतो. ही दुरुस्ती तो लक्षातही ठेवतो.

मग अडचण कुठे?

सेन्सर प्रमाण सांभाळतो, इंधनातली ऊर्जा वाढवू शकत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणूनच नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज होता. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के सांगितली होती.

शिवाय ऑक्सिजन सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही. थंड इंजिन सुरू होताना ईसीयू साठवलेल्या आकड्यांवरच चालतो. रबरी नळ्या, सील, गॅस्केट यांच्यावर इथेनॉलचा काय परिणाम होतो, हेही कोणताच सेन्सर सांगत नाही. ई-२० ला टिकणाऱ्या सुट्या भागांची अट एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांना आहे. बीएस-६ आधीच्या बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींत कार्ब्युरेटर आहे. तिथे अशी दुरुस्ती आपोआप होत नाही.

ग्राहकाच्या खिशाचे काय?

ऊर्जा कमी असल्याने असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, असे नीती आयोगाच्याच अहवालात सुचवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने मात्र, इथेनॉलची खरेदी किंमत आता शुद्धीकृत पेट्रोलच्या किमतीपेक्षा जास्त आहे, असे स्पष्ट केले. ‘गाडी नीट चालते’ हे बव्हंशी खरे आहे, ते सेन्सरमुळे. पण त्यासाठी जास्तीचे जे पेट्रोल सोडावे लागते, त्याचे पैसे सध्या वाहनधारकच मोजत आहे.