साखळी का ओढली नाही?

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन आपट्याला गेलो. पनवेलहून गाडी धरली की रसायनीनंतरचं स्टेशन आपटा. आपल्याच पनवेल तालुक्यातलं गाव, पाताळगंगेच्या काठचं. भाच्याला गाव पाहायचं नव्हतं, फलाट पाहायचा होता. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट जिथे चित्रित झाला, तो फलाट. पडद्यावर ते पंजाबातलं स्टेशन आहे, प्रत्यक्षात ते आपलं आपटा.

गाडीतून आणखी चार-पाच कॉलेजची मुलं उतरली. त्यांच्याही हातात मोबाईल, मोबाईलवर तोच प्रसंग, नायिका सुटलेल्या गाडीमागे पळते तो. एक जण चित्र थांबवून समोरच्या झाडांशी, डोंगराच्या रेषेशी ताडून पाहत होता. "वरच्या तारा तेव्हा नव्हत्या," तो म्हणाला. खरंच होतं ते, या मार्गाचं विद्युतीकरण अलीकडचं. दुसऱ्याला स्टेशन फारच लहान वाटलं, त्याचा चेहरा पडला. मग भाचा म्हणाला, "मामा, पण तिने एवढं पळायचंच कशाला? त्याने गाडीची साखळी ओढायची ना!" सगळे हसले. हा प्रश्न आता इतका जुना झालाय की तो विचारला नाही तर आपट्याची वारी पुरी होत नसावी.

तेवढ्यात त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "साखळीचं सोड रे. बापाने हात सोडेपर्यंत तिला थांबावं का लागलं, ते सांग."

कुणी काही बोललं नाही. परतीच्या गाडीत आणि त्यानंतरचे चार दिवस मी या दोन प्रश्नांचाच विचार करतोय.

हा चित्रपट आला २० ऑक्टोबर १९९५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आम्ही मित्रांनी तो थिएटरात पाहिला तेव्हा साखळीचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. शेवटच्या पाच मिनिटांत पुढच्या रांगेतला माणूस उभा राहिला होता आणि त्याला खाली बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. आम्ही काही आजच्या मुलांपेक्षा भोळे नव्हतो. आमच्या हाती तो प्रसंग एकदाच आला होता आणि समोरून धावत गेला होता, इतकंच. त्याआधीची आमची सवय म्हणजे दूरदर्शनवरचा शनिवारचा मराठी चित्रपट आणि रविवारचा हिंदी. वीज गेली तर त्या चित्रपटाला मुकलो, पुन्हा कधी लागेल ते ठाऊक नाही. ज्याची आठवडाभर वाट पाहायची, त्यात खोड कोण काढणार?

आजचा प्रेक्षक तोच प्रसंग वीस वेळा पाहतो. थांबवून पाहतो, मागे नेऊन पाहतो, मोठा करून पाहतो. चित्रपट कसा बनला याचीही खडान्‌खडा माहिती त्याला असते. पूर्वी ही माहिती स्टुडिओच्या भिंतींआड राहायची, आता निर्मातेच पडद्यामागची दृश्यं दाखवून तिची जाहिरात करतात. कॅमेरा कुठे होता, संकलन कुठे फसलं, हे शब्द आता भाच्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. कारागिराच्या खांद्यावरून पाहायला शिकवलं की टाका कुठे वाकडा पडला ते दिसणारच. प्रेक्षक अचानक खाष्ट झालेला नाही. त्याला पाहायला शिकवलं गेलं, आणि तो मन लावून शिकला.

शिवाय त्याला आधीच वचनं दिली जातात. पहिली झलक, मग पोस्टर, मग टीझर, मग ट्रेलर आणि प्रत्येक पायरीवर "तुम्हाला कसं वाटलं ते सांगा". वर्षभर मत विचारल्यावर तो मत देणारच. आणि त्या मताला वजन आहे हेही त्याने पाहिलंय. २०१९मध्ये 'सॉनिक' या निळ्या हेजहॉगच्या हॉलिवूडपटाचा ट्रेलर आला, चाहते त्याच्या रूपावर संतापले, निर्मात्यांनी चित्रपट पुढे ढकलून पात्राचा चेहराच बदलला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये तो प्रदर्शित केला. आपल्याकडे २०२३च्या जूनमध्ये 'आदिपुरुष' लागल्यावर असा गदारोळ झाला की चालू चित्रपटातले संवाद बदलावे लागले. एकदा ओरडून काम झालं की माणूस दुसऱ्यांदा आधीच ओरडतो.

आपला मराठी प्रेक्षक पूर्वी सोशिक होता असं मात्र कुणी समजू नये. संगीत नाटकांच्या काळात त्याच्याएवढा हक्क गाजवणारा प्रेक्षक क्वचितच कुठे असेल. पद आवडलं की वन्समोअर आणि एका वन्समोअरवर भागायचं नाही. नटाचा घसा, उरलेले अंक, शेवटची गाडी, कशाचीही पर्वा नाही. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणत आणि तो उपचार नव्हता. १२ मार्च १९११ला 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. प्रयोग झाला. प्रेक्षकाच्या हक्काची किंमत कलावंत काय मोजतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आठवलं की मला आजही अभिमानापेक्षा जास्त अस्वस्थच वाटतं.

तेव्हाच्या आणि आजच्या हक्कात एक फरक आहे. तेव्हा प्रेक्षक समोर बसलेला असे. नाक मुरडलं तर ते नटाला दिसायचं, आणि नटाचा उतरलेला चेहरा प्रेक्षकाला दिसायचा. निंदा करणाऱ्याला निंदेचं वजन डोळ्यांनी मोजता यायचं. आज शुक्रवारी सकाळचा खेळ संपायच्या आत मोबाईलवर निकाल लागलेला असतो आणि तो लावणाऱ्यातल्या कितीतरी जणांनी चित्रपट पाहिलेलाही नसतो. हिंदीतला बडा चित्रपट हे सोसून जातो. मराठी चित्रपटाला सोसत नाही. त्याला मुळात खेळ कमी, तेही अडनिड्या वेळी. शनिवार-रविवार गर्दी दिसली नाही की सोमवारी ते खेळही जातात. तीन वर्षं घाम गाळून केलेलं काम तीन दिवसांत उठतं. हे मला फार लागतं.

पण मी स्वतः कोणत्या बाजूला आहे? सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' आमच्या पिढीने रात्र रात्र जागून वाचली. माझ्या प्रतीची शिवण उसवली होती. २०१३मध्ये संजय जाधव यांचा चित्रपट आला, थिएटरं भरून वाहिली, तरुण पोरं चार-चार वेळा पाहून आली. मी मात्र अंधारात बसून प्रत्येक बदलाचा हिशेब मांडत होतो. माझा कट्टा असा नव्हता, माझी माणसं अशी बोलत नव्हती. घरी येऊन तासभर तणतणलो. शेजारच्या खुर्चीतला मुलगा, ज्याने पुस्तक वाचलं नव्हतं, तो शेवटी रडत होता. त्या दिवशी आमच्या दोघांत चित्रपट नीट पाहिला तो त्याने. मी माझी आठवण पाहत होतो.

जुन्या प्रेमाची राखण करताना माणूस कडवट होतो, आणि निर्माते नेमकं तेच प्रेम पुन्हा पुन्हा विकायला काढतात. गाजलेल्या नाटकावर चित्रपट, गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग. 'कट्यार काळजात घुसली' २०१५मध्ये पडद्यावर आला तेव्हा मूळ नाटकातले वसंतराव देशपांडे ज्यांच्या कानात होते, त्यांची तुलना टळणार नव्हती. तरी तो चित्रपट उभा राहिला, कारण त्यातल्या माणसांनी गाण्याची बूज राखली होती. केवळ नावाच्या पुण्याईवर तिकिटं खपवायची आणि प्रेक्षकाने तक्रार केली की त्याला रडका म्हणायचं, हा न्याय नाही. घरच्या वस्तूचा सौदा चालू असेल तर घरचा माणूस बोलणारच.

म्हणून आपट्याच्या फलाटावरचे ते दोन प्रश्न मला वेगळे वाटतात. साखळी का ओढली नाही, ही खोड काढणं आहे. ती काढताना आपण हुशार ठरतो, चित्रपट तिथेच राहतो. तिला बापाच्या परवानगीची गरज का पडली, हा जाब आहे. तो विचारायला चित्रपट आतून लागलेला असावा लागतो. ती मुलगी पहाटे उठून त्या फलाटावर आली होती, म्हणजे तिचं त्या कथेवर प्रेम होतं, आणि तरीही त्या कथेने तिच्या पिढीच्या मुलीला काय शिकवलं हे तिला विचारायचं होतं. ताराराणी, सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाही मुलाला पडला नव्हता. तो आज पडतो. प्रेक्षक चिकित्सक झाला याचं मला दुःख नाही. त्याने तसं व्हायलाच हवं होतं. दुःख याचं की पहिल्या प्रकारच्या प्रश्नांचा गलबला एवढा आहे की दुसरा प्रश्न ऐकूच येत नाही.

नाटकवाल्यांकडे यावर एक जुनी रीत अजून टिकून आहे. प्रयोग संपला की प्रेक्षक रंगपटात जातात, मेकअप उतरवत असलेल्या नटाला भेटतात. बहुतेक जण छान झालं म्हणतात, काही जण दुसऱ्या अंकात काय खटकलं तेही सांगतात. मी पाहिलंय, नट ते थांबून ऐकतात. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात पुढचा प्रयोग पाहाल तेव्हा लगेच बाहेरचा रस्ता धरू नका. आवडलं नसेल तर मागे जा, आणि का आवडलं नाही ते त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सांगा.