द्रव्याचा प्रश्न

कामसूत्राच्या सातव्या अधिकरणात वात्स्यायनाने कृत्रिम कामसाधनांना ‘अपद्रव्य’ म्हटले आहे आणि ती कशाची असावीत हेही निःसंकोचपणे सांगितले आहे: सोने, रूपे, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग. बाभ्रव्याचे अनुयायी कथील व शिसे पसंत करीत, कारण ती मऊ व शीतवीर्य. (शिशाच्या विषाचा विचार तिथे नाही!) वात्स्यायन स्वतः लाकडाचाही पर्याय देतो.

आपण मात्र द्रव्यापर्यंत पोचतच नाही, नावाशीच अडखळतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘बॉडी मसाजर’च्या आयातीवरील जप्ती अमान्य केली, तरी लैंगिक खेळणी ‘मसाजर’ या आडनावानेच विकली जातात. मानेसाठी म्हणून घेतलेल्या वस्तूविषयी ग्राहक कोणत्या तोंडाने विचारणार, की यात थॅलेट मिसळलेले मऊ पीव्हीसी आहे की सिलिकोन? फरक क्षुल्लक नाही. सच्छिद्र ‘जेली’ धुऊनही जंतू धरून ठेवते. मोटार नसलेले शुद्ध सिलिकोन उकळता येते. सिलिकोनच्या साधनाला सिलिकोनचेच वंगण खराब करू शकते, म्हणून तिथे पाण्याचे वंगण बरे. गुदमार्गासाठीच्या साधनाला रुंद बूड हवेच, नाहीतर ते आत अडकते. या वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्येच आले आहे. खोक्यावर निदान द्रव्याचे नाव छापायला कोणाची अब्रू जाते?