सर्वोत्तम खेळाडू कोण? आधी मोजपट्टी ठरवा!

तुम्ही प्रयोगशाळेत मेणाचा वितळणांक काढीत आहात. दर मिनिटाला तापमान वहीत टिपायचे आहे. मेण अजून पुरते वितळलेले नाही, तोच शेजारच्या मित्राने निष्कर्ष लिहून वही मिटली. गुरुजी त्याला किती गुण देतील बरे?

तुम्ही हसाल. पण जगातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेत अगदी असेच घडलेले आहे.

विश्वचषक स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूला 1982 सालापासून ‘गोल्डन बॉल’ हे पारितोषिक देण्यात येते. 2002 साली ही स्पर्धा जपान व दक्षिण कोरिया येथे झाली. जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याने अंतिम सामन्यापूर्वीच्या सहा सामन्यांत मिळून फक्त एक गोल होऊ दिला होता. पत्रकारांनी त्यालाच पसंती दिली, पण त्यांचे मतदान अंतिम सामन्यापूर्वीच उरकले होते! अंतिम सामन्यात रिव्हाल्डोने मारलेला चेंडू कानच्या हातून निसटला आणि ब्राझीलच्या रोनाल्डोने तो जाळ्यात धाडला. रोनाल्डोने पुढे आणखी एक गोल केला. स्पर्धेत त्याचे एकूण 8 गोल झाले. तरी गोल्डन बॉल मात्र कानलाच मिळाला.

कान थोर गोलरक्षक होता यात शंका नाही. कदाचित नंतर मतदान झाले असते तरी तोच निवडला गेला असता. पण ते आता कोणालाच सांगता येणार नाही. निरीक्षणे पुरी होण्याआधी निष्कर्ष काढण्याचा तोटा हाच!

दुसरी अडचण गुण देण्याच्या पद्धतीची. समजा, क, ख आणि ग या तीन खेळाडूंचा क्रम लावण्यासाठी 10 परीक्षक बसले आहेत. सहा जणांनी क पहिला, ख दुसरा, ग तिसरा असा क्रम लावला. उरलेल्या चौघांनी ख पहिला, ग दुसरा, क तिसरा असा लावला. केवळ पहिली पसंती मोजली तर क हा 6 विरुद्ध 4 मतांनी जिंकतो. आता पहिल्या क्रमांकाला 5, दुसऱ्याला 3 व तिसऱ्याला 1 गुण द्या. क चे गुण होतात 34 आणि ख चे 38. मते तीच, परीक्षक तेच, पण विजेता बदलला! तुम्ही स्वतः कागदावर आकडेमोड करून पाहा.

2006 साली जर्मनीतील स्पर्धेत फ्रान्सच्या झिनेदिन झिदानला 2012 गुण मिळाले आणि इटलीच्या फाबिओ कान्नावारोला 1977. फरक अवघा 35 गुणांचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. इतक्या निसटत्या फरकाला मोजपट्टी थोडी इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरू शकतो. त्याच झिदानला अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला डोक्याने धडक दिल्याबद्दल लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढण्यात आले होते. खेळाडूची वर्तणूक गुणांत धरायची की नाही, हे आधी ठरलेले असले म्हणजे मागाहून वाद घालीत बसावे लागत नाही.

आणि कान्नावारोचे काय? तो बचाव फळीचा आधारस्तंभ. त्या स्पर्धेतील सात सामन्यांत इटलीवर दोनच गोल झाले. एक त्यांच्याच खेळाडूकडून चुकून झालेला आणि दुसरा झिदानच्या पेनल्टीचा. त्याच वर्षी ‘बॅलन डी’ओर’ हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान कान्नावारोलाच मिळाला. मोजपट्टी निराळी, म्हणून उत्तर निराळे.

येथे खरी मेख आहे. 1982 ते 2022 या काळातील गोल्डन बॉलच्या मानकऱ्यांची यादी पाहिली तर तीत एकही बचावपटू नाही. बचाव करणारे काय सारे सामान्य होते? मुळीच नाही. झालेला गोल सर्वांना दिसतो, न झालेला गोल कोणालाच दिसत नाही. 2022 साली कतारमध्ये ऑफसाइड ठरविण्यासाठी मैदानाच्या छताखाली 12 कॅमेरे लावले होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदूंची स्थिती ते सेकंदाला 50 वेळा टिपत. पण बचावपटू योग्य जागी उभा आहे हे पाहून प्रतिस्पर्ध्याने चेंडू तिकडे मारलाच नाही, तर त्याचे गुण कोण देणार? मोजता येते तेवढेच महत्त्वाचे, हा समज विज्ञानालाही मान्य नाही.

मग निवड करूच नये काय? अवश्य करावी! 2010 साली चार खेळाडूंचे प्रत्येकी 5 गोल झाले. बरोबरी झाल्यास सहकाऱ्यांना गोल करण्यास केलेले साहाय्य पाहावे असा नियम आधीच ठरलेला होता. त्यानुसार जर्मनीच्या थॉमस म्युलरला ‘गोल्डन बूट’ मिळाला. 2024 सालच्या युरोपीय स्पर्धेत जाणकार निरीक्षकांनी स्पेनच्या रॉड्रीला सर्वोत्तम ठरविले. त्याने स्पर्धेत एकच गोल केला होता आणि दुखापतीमुळे अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात तो मैदानावरही नव्हता. परंतु बचाव आणि आघाडी यांना जोडणारे त्याचे काम निरीक्षकांच्या नजरेतून सुटले नाही.

आमचे मत थोडक्यात असे : कसोट्या स्पर्धेपूर्वी जाहीर कराव्यात, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मत देऊ नये आणि आघाडी, मधली फळी, बचाव व गोलरक्षण यांची कामे निरनिराळ्या कसोट्यांवर तपासावीत. एवढे करूनही मतभेद उरतील. उरू देत! पण ते नियमांविषयी नसतील, खेळाविषयी असतील.

तुमच्या शाळेचे सामने आता येतीलच. एखाद्या सामन्यात चेंडूच्या मागे न धावता, वही घेऊन केवळ एका बचावपटूकडे पाहत बसा. तो कुठे उभा राहतो, कोणाची वाट अडवतो, हे टिपून ठेवा. बक्षीस कोणाला द्यावे याविषयीचे तुमचे मत सामन्यापूर्वी एक आणि नंतर दुसरेच झाले, तर तुमचे निरीक्षण सार्थकी लागले असे समजा.